अकरा किलोमीटर, चौदा मिनिटं

आमचा धंदा गाद्यांचा. लोकांना झोप लागावी म्हणून बेचाळीस वर्षं मी कापसाशी आणि फोमशी झटते आहे, आणि माझ्याच पोटी थोरला मुलगा असा निघाला की सुट्टीच्या दिवशी पहाटे साडेतीनला उठतो, बुडाशी गादी शिवलेली चड्डी चढवतो आणि तीनशे किलोमीटर सायकल मारायला जातो. ती चड्डी मी एकदा उलटी करून बघितली. बोटभर फोम, तोही हलका, शिवण एकेरी. असला माल मी दुकानाच्या पायरीखाली उतरू दिला नसता. पण चड्डीबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती डबीबद्दल.

डबी म्हणजे सायकलच्या हँडलवर बसवायचं, काडेपेटीहून जरा मोठं यंत्र. किती लांब गेलो, किती वेगाने गेलो, चढ किती होता, छाती किती धडधडली, हे सगळं ती लिहून ठेवते. घरी आल्यावर ते फोनवरून चढवायचं, मग जगाला कळतं की आपण सायकल चालवली. थोरल्याच्या क्लबाचा नियमच तसा आहे. डबीत नोंद नाही, तर राईड झालीच नाही. माणूस घामाने निथळत दारात उभा असो, त्याच्या पोटऱ्यांत गोळे आलेले असोत, डबी वाटेत बंद पडली असेल तर तो दिवसभर घरी लोळत होता असंच धरतात.

आणि डबी बंद पडतेच. खोक्यावर छापलेलं असतं, बॅटरी वीस तास चालेल. चालत असेल, खोक्यात असेपर्यंत. सायकलवर बसली की दुपारपर्यंत मान टाकते. म्हणून या मंडळींचं बोलणं ऐकावं. म्हातारे लोक जसे एकमेकांना पोट साफ झालं का विचारतात, तसे हे विचारतात.

"तुमची किती राहिली?"

"अडतीस टक्के."

"सहा तासांत? काहीतरी बिघडलंय हो तुमचं. दाखवून घ्या."

बॅटरी वाचवायचे उपायही यांना पाठ. थोरला मला एकदा समजावत होता. नकाशा बंद ठेवायचा, उजेड कमी करायचा, आवाज बंद, फोनशी जोडणं बंद.

मी विचारलं, "मग चालू काय राहतं?"

"नोंद, आई."

"म्हणजे तुला काही दिसणार नाही, ऐकू येणार नाही, रस्ता कळणार नाही. फक्त तू गेला होतास एवढं नंतर कळणार."

"हो," तो अगदी मनापासून म्हणाला, "पण त्याने सहा तास वाढतात."

त्यांच्यातला एक विमावाला आहे. बॅटरी वाचवायला त्याने नकाशा बंद ठेवला आणि बावीस किलोमीटर भलत्याच रस्त्याला गेला. परत आला तो आनंदात. का, तर चुकलेल्या रस्त्याचीसुद्धा पूर्ण नोंद झाली होती.

आता थोरल्याबद्दल. वय चव्वेचाळीस, पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून. माणूस गरीब, पण हाती घेतलेलं काम अर्ध्यात टाकायची खोड लहानपणापासूनची. दुकानाची मागची भिंत त्याने रंगवायला घेतली ती दाराच्या चौकटीपर्यंत रंगवली. टायपिंगच्या दोन परीक्षा दिल्या, तिसरीच्या दिवशी झोपून राहिला. हिशेबाच्या कोर्सला नाव घातलं, पुस्तकांना कव्हरं चढवली आणि थांबला. धाकट्याचं सगळं वेळच्या वेळी पुरं व्हायचं. शिक्षणही, लग्नही, आणि आई-बापापासून लांब जाऊन राहणंही. मी तोंडाची फटकळ. घरात, दुकानात, गिऱ्हाईकांसमोर मी बोलत आले की याच्या हातून काही तडीला जायचं नाही. इतकी वर्षं बोलले की त्यालाही ते पाठ झालं.

तीनशेची राईड त्याने दोनदा धरली होती. पहिल्यांदा दोनशे दहाला पोट बिघडलं. दुसऱ्यांदा पठ्ठ्या पोचला, पण डबी दोनशे सत्तरला विझली होती. म्हणजे नियमाप्रमाणे तो पोचला नव्हता. क्लबाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत. त्यांच्या दवाखान्याच्या भिंतीवर एक पाटी आहे, तीनशे पुरे केलेल्यांची नावं त्या पाटीवर लागतात. थोरला अक्कलदाढ काढायला गेला होता तेव्हा तोंड उघडं टाकून अर्धा तास त्याला ती पाटीच समोर दिसत होती. तेव्हापासून ती त्याने मनावर घेतली.

यंदाच्या राईडच्या आदल्या दिवशी सूनबाई मला हळूच म्हणाली, "या वेळी नाही जमलं तर सायकल विकून टाकणार म्हणतायत. परत कशालाच हात लावायचा नाही म्हणतात. आई, तुम्ही काही बोलू नका हं."

"मी कशाला बोलू? मी गाडीत बसून बरोबर जाते. तोंड मिटून."

सूनबाईने माझ्याकडे असं बघितलं, जसं एखादं गिऱ्हाईक दहा वर्षांची हमी ऐकून गादीकडे बघतं.

गाडी आमचीच, गाद्या पोचवायची. चालवणारे माझे धाकटे दीर. तीस वर्षं माझ्या दुकानात काम करून भाऊजींना एक गोष्ट फार छान जमते. काय ऐकायचं आणि काय नाही, ते त्यांना बरोबर कळतं. क्लबाचा नियम असा की घरची गाडी सायकलच्या मागे-मागे चालवायची नाही, ठरलेल्या थांब्यांवरच भेटायचं. तसे आम्ही भेटत गेलो. सकाळच्या थांब्यावर डबी एक्क्याऐंशी टक्के होती, दुपारच्या थांब्यावर चौतीस. पाय कसे आहेत, हे कुणी कुणाला विचारलं नाही. थोरल्याजवळ पॉवर बँक होती, पण खड्ड्यांत हादरून तिची वायर सैल झाली होती. सकाळभर तिने कुणाला काही दिलं नाही आणि तरी ती संपली. असे लोक आमच्या नात्यातही आहेत.

घाटाच्या पायथ्याला चहाची टपरी आहे. तिथे तो सव्वादोनला पोचला. तोंड उन्हाने भाजलेल्या वांग्यासारखं. डबी सहा टक्के. वरचा थांबा चारला बंद होतो. चढ अकरा किलोमीटरचा. त्याने बोटांवर हिशेब केला, दोनदा चुकला, मग म्हणाला, "आई, ही गाडीच्या चार्जरला लाव. मी पंचवीस मिनिटं पाठ टेकतो. तेवढ्यात पुरेशी भरेल. आणि हे बघ, कुठलंही बटण दाबू नकोस. चुकून भलतं दाबलं गेलं तर सकाळपासूनचं सगळं पुसलं जाईल."

"नाही दाबत. मी काय हात शिवशिवणारी आहे?"

तो टपरीमागच्या बाकावर आडवा झाला, टोपी तोंडावर घेतली आणि मिनिटात घोरायला लागला. बाक फळ्यांचा होता. त्यावर गादी नव्हती. तरी झोप लागली, हे मला धंद्याच्या दृष्टीने बरं वाटलं नाही.

आता माझं सांगते. सकाळपासून माझे चार चहा झाले होते. पहिल्या थांब्यावर पेट्रोल पंप होता, तिथे भागलं. दुसऱ्या थांब्यावर काहीच नव्हतं. इथे टपरीच्या मागे संडास होता, पण त्याला हे एवढं कुलूप, आणि मालक किल्ली खिशात घालून गावाला गेलेला. पुरुषांना काय, अख्खा मुलूख मोकळा. जो तो दोन पावलं जाऊन पाठ फिरवत होता. मी अडुसष्ट वर्षांची, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. वर माथ्यावर विश्रामगृह आहे. तिथला संडास खुर्चीसारखं बसायचा, स्वच्छ, कडी लागणारा आहे, हे मला माहीत होतं. त्यांच्या चाळीस गाद्या माझ्या हातच्या आहेत.

"भाऊजी, वर चला."

"आणि हा?"

"झोपलाय तो. अर्ध्या तासात खाली येतो आपण."

भाऊजींनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि किल्ली फिरवली. डबी गिअरशेजारी चार्जरला लावलेली, तिचा दिवा लुकलुकत होता. रिकामी गाडी भाऊजी अशी चालवतात की जणू मागे कुणी लागलंय. त्या दिवशी तर खरंच घाई होती.

विश्रामगृहातून सुटल्यासारखी बाहेर आले तोच फोन वाजला.

"आई, गाडी कुठाय?"

"वर आहे."

"वर म्हणजे?"

"वर म्हणजे वर. डोंगरावर."

 मग अगदी बारीक आवाजात, "डबी?"

"भरतेय की. पंधरा टक्के झाली," मी कौतुकाने सांगितलं.

"आई, ती चालू आहे. ती गाडीबरोबर घाट चढली!"

"मग काय झालं? खाली आणून देते तुला."

"नको! खाली आणलीस तर उतरलेलंही लिहील. आता गाडी हलवू नका. काही दाबू नकोस. मीच येतो." मग एकदम, "पण वर गेलात कशाला?"

माझी जीभ आजवर कधी अडली नव्हती. त्या दिवशीही अडली नाही, घसरली. मी म्हणाले, "अरे, भाऊजींना लागली होती."

भाऊजी तीन हातांवर टायर बघत उभे होते. त्यांनी ऐकलं. ते टायर बघत राहिले.

मी विश्रामगृहाच्या पायरीवर बसले. जवळचं मला धड दिसत नाही, सुईत दोरा सूनबाई ओवून देते. पण लांबचं अजून लख्ख दिसतं. खाली घाटाची वळणं अशी पसरली होती, जशी शिलाईच्या टेबलावरून मापाची टेप घसरून पडावी. त्याचा पोपटी शर्ट पहिल्या वळणावर दिसला. दुसरं झालं, तिसरं झालं. धिम्या चालीने, पण चालला होता. चौथ्या वळणावर तो उतरला.

सायकल आडवी टाकली. खाली बसला. एक बूट काढला आणि पोटरी दोन्ही हातांनी धरून वाकला. मागून कुणीतरी सायकलवाला आला, जरा थांबला, पुढे गेला. थोरला तिथेच. मग उठला, बूट घातला, सायकल उभी केली आणि तिचं तोंड खालच्या बाजूला फिरवलं.

मी पायरीवरून उठून उभी राहिले. फोन हातात होता. तोंडात काय-काय आलं ते लिहीत नाही. बोलून-बोलून गुळगुळीत झालेलीच वाक्यं होती ती. उताराकडे तोंड करून तो तसाच उभा राहिला. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही, माझ्याकडे डबी नव्हती. मग त्याने सायकल उचलली, उचललीच, ढकलली नाही, परत चढाकडे फिरवली आणि बसला. त्यानंतर तो थांबला नाही. शेवटच्या वळणावर तर शेजारून चालणारा माणूसही पुढे गेला असता, पण थांबला नाही.

चारला आठ मिनिटं कमी असताना वर आला. मी केळं पुढे केलं. त्याने खाल्लं.  डबी चाळिशीला पोचली होती, ती हँडलवर लावून गेला, आणि तीनशे किलोमीटर वेळेच्या पन्नास मिनिटं आधी पुरे केले. घरी येऊन डबीतलं सगळं फोनवर चढवलं आणि बुटासकट झोपला.

दुसऱ्या दिवशी बोंब झाली. त्या फोनमध्ये असं आहे म्हणे, की एखादा चढ सगळ्यांत कमी वेळात चढणाऱ्याला मुकुट मिळतो. चित्रातला मुकुट, घालता येत नाही, मोडीत विकता येत नाही. त्या घाटाचा मुकुट तीन वर्षं दातांच्या डॉक्टरांकडे होता. त्यांना एक्केचाळीस मिनिटं लागली होती. आता तो थोरल्याच्या नावावर गेला होता. अकरा किलोमीटर, चौदा मिनिटं. खरं म्हणजे तो मुकुट माझा. वय अडुसष्ट, गुडघे बाद, मांडीवर पर्स, आणि चढले होते तेही आणीबाणीत.

आधी अभिनंदनाचे निरोप आले. दुपारपर्यंत निरोपांचा सूर बदलला. सायकलच्या नळीत मोटार लपवली असेल, असं कुणीसं म्हणालं. कुणी म्हणालं गोळ्या घेतल्या. विमावाल्याने लोहचुंबक घेऊन सायकल तपासायची तयारी दाखवली. थोरल्याने फोन पालथा घातला. रविवारी सकाळी दवाखान्यात चौकशी ठरली. फसवणूक ठरली तर क्लबातून कायमचं नाव कमी, आणि ते पाटीशेजारी कागदावर लिहून लावणार.

"आई," सूनबाईने मला स्वयंपाकघरात गाठलं, "काकांनाच लागली होती ना?"

"तू भात बघ. लागेल खाली."

रविवारी आम्ही तिघं गेलो, थोरला, भाऊजी आणि मी. दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत खुर्च्या मांडल्या होत्या. एरवी त्या टीव्हीवर दात कसे घासावेत ते दाखवतात, त्या दिवशी थोरल्याच्या राईडचा आलेख होता. सगळीकडे बुटकी-बुटकी टेकाडं आणि मध्येच एक सुळका. पंधरा-सोळा माणसं जमली होती. मधोमध टेबलावर प्लास्टरची मोठी कवळी आ वासून ठेवलेली. औषधांच्या दुकानाच्या बाई क्लबाच्या चिटणीस, त्या वही उघडून बसल्या. डॉक्टर उभे राहिले. पेशंटला "थोडंसं दुखेल" म्हणतात त्याच आवाजात त्यांनी सुरुवात केली.

"अकरा किलोमीटर, चौदा मिनिटं. हे माणसाला शक्य आहे?"

"नाही," थोरला म्हणाला.

"मग?"

"डबी गाडीत चार्ज होत होती. गाडी वर गेली. मी मागून सायकलने चढलो."

"म्हणजे गाडीचा चढ तुम्ही आपल्या नावावर लावलात."

"लावला नाही, लागला. मी सांगणार होतो. तेवढ्यात अभिनंदनं यायला लागली आणि... राहिलं."

खोलीत कुणीतरी फिसकन हसलं.

"गाडी वर नेण्याचं कारण?" डॉक्टरांनी विचारलं. "तुम्ही सांगितलंत म्हणून?"

"नाही. काकांना लघवीला जायचं होतं."

सगळ्यांच्या माना भाऊजींकडे वळल्या. भाऊजींनी कवळीकडे बघत मान हलवली. "हो. मला जरा... होतं."

"काका," डॉक्टर गोड हसले, "पायथ्याला मी स्वतः उभा होतो. रस्त्याच्या कडेला किमान दहा पुरुष उभे होते. तुम्ही एकटेच असे कोण, की ज्यांना त्यासाठी अकरा किलोमीटर डोंगर चढावा लागला?"

हशा पिकला. क्लबातले गणिताचे मास्तर तर मांडीवर थाप मारून हसले. भाऊजींचे कान लाल झाले. थोरल्याची मान खाली गेली. त्या मानेची ठेवण मला ओळखीची होती. ती मीच घडवली होती. डॉक्टर चिटणीसबाईंकडे वळले, "लिहा, कारण असमाधानकारक. हेतुपुरस्सर..."

"थांबा," मी म्हणाले. "मला लागली होती."

हसणं तुटलं. माझ्या कानांतून वाफा निघत होत्या, पण तोंड उघडलंय तर आता पुरतंच, असं म्हणून मी उभी राहिले. "चार चहा झाले होते. खाली कुलूप होतं. वर जायला मी सांगितलं. हा झोपला होता, त्याला पत्ताही नव्हता. आणि त्याच्याशी फोनवर खोटंही मीच बोलले, माझ्या दिराच्या नावावर. काय लिहायचं ते लिहा. स्पेलिंग तुम्हाला येत असेलच."

थोरला माझ्याकडे बघायला लागला. पुरुषमंडळी कुठे बघावं ते न कळून टीव्हीकडे बघायला लागली. चिटणीसबाईंनी पेन खाली ठेवलं.

"टपरीच्या मागचं कुलूप ना?" त्यांनी विचारलं. "पितळी, मोठं?"

"तेच."

"सहा वर्षं बघतेय मी ते. त्या राईडला मी सकाळी दहानंतर पाणीच पीत नाही." मग त्या डॉक्टरांकडे वळल्या. "चार्जिंगची सोय कुठे-कुठे करायची यावर आपल्या सात बैठका झाल्यात. सातही माझ्या वहीत आहेत. कुलपावर एकही नाही."

"तो विषय आपण पुढे घेऊ," डॉक्टर घाईने म्हणाले. "प्रश्न नोंदीचा आहे. फसवणूक नाही, मान्य. पण घाट चढल्याची यांची नोंद नाही. म्हणजे राईड अपूर्ण."

"मी बघितलंय ना त्याला चढताना!" मी म्हणाले. "वरच्या पायरीवरून, डोळ्यांनी. चौथ्या वळणावर उतरला. सायकल आडवी टाकली, उजव्या पायाचा बूट काढला, पोटरी धरून बसला. कुणीतरी त्याच्याजवळ थांबलं आणि पुढे गेलं. मग बूट घातला आणि चढला."

"आजी, तुम्ही आई आहात त्यांच्या."

"म्हणूनच बघत होते. तुमच्या दातांसाठी नव्हते बसले."

"पण तुमचं बघणं अपलोड कसं करायचं?" डॉक्टरांनी विचारलं, आणि गंमत म्हणजे ते खरंच विचारत होते.

तेवढ्यात मास्तर खाकरले. "उजवाच बूट होता. मी थांबलो होतो तिथे. मी म्हटलं, चला हो. तर यांनी मला शिवी दिली."

"सॉरी, सर," थोरला पुटपुटला.

"नाही, नाही, योग्य होती."

डॉक्टर टीव्हीजवळ गेले. "मग प्रश्नच मिटला. तुमच्या नोंदीत तो थांबा दिसेल. काढा तुमची राईड."

मास्तर जागचे हलले नाहीत. चष्मा पुसायला लागले. "त्यात नाही दिसणार. माझी डबी पायथ्यालाच विझली होती. मी नंतर... यांची फाईल घेऊन मधला तुकडा जोडला."

यांची म्हणजे विमावाल्याची. विमावाला उसळला, "मास्तर, नावं कशाला घेताय? आणि माझीही सगळी माझी नाही. शेवटचे चाळीस मी गेल्या वर्षीचे लावलेत. रस्ता तोच आहे की!"

मग काय, कापसाच्या पोत्याला भोक पडलं की जसं सुटतं, तसं सुटलं. एकाने पेट्रोल पंपावर दोन तास चार्जिंग करून ते मध्येच कापून टाकले होते. दुसऱ्याने डबी मित्राच्या खिशात घातली होती. दोघा भावांची मिळून एकच राईड होती, नावं दोन. पाटीवरच्या नावांपैकी पहिल्या मैलापासून शेवटच्या मैलापर्यंत स्वतःची बॅटरी असलेलं एक नाव निघालं, ते चिटणीसबाईंचं. त्या काही बोलल्या नाहीत. पाण्यासारखंच तेही त्यांनी सहा वर्षं आवरून धरलं होतं.

डॉक्टरांनी कवळीचा जबडा हाताने मिटवला. अध्यक्ष माणूस, सावरायला वेळ लागला नाही. "असं करू," ते म्हणाले. "झालं-गेलं ते तसंच राहू द्या. यांचा प्रश्न साधा आहे. पुढच्या रविवारी यांनी फक्त तेवढा घाट पुन्हा चढावा. अकराच किलोमीटर. चार्ज केलेली डबी घेऊन. ती नोंद आपण मध्ये जोडून घेऊ. जोडतात सगळेच. राईड पूर्ण, पाटीवर नाव. आणि ते चौदा मिनिटांचं तेवढं पुसून टाका म्हणजे, अं, घाटाचीही नोंद सरळ होईल."

म्हणजे मुकुट त्यांच्याकडे परत.

सगळ्यांनी सुटकेने माना डोलावल्या. मीही. मनात म्हटलं, अकराच तर आहेत, ताज्या पायांनी तासाभरात होईल, आणि पाटीवर नाव लागेल एकदाचं. मी थोरल्याकडे बघितलं. तो टीव्हीवरच्या त्या सुळक्याकडे बघत होता.

"नाही," तो म्हणाला.

"नाही म्हणजे?"

"मी चढलोय तो घाट. परत कशाला चढू?"

"अहो, नाव नाही लागणार!"

"नको."

माझ्या जिभेवर आलंच होतं, झालं, इथेही अर्ध्यात सोडलंस. आलं आणि दातांपाशी थांबलं. दाताच्या दवाखान्यात बसल्याचा तेवढा उपयोग झाला. कारण तो सोडत नव्हता. ज्याचं काम बाकी आहे तो आणि ज्याचं संपलंय तो, दोघांचं बसणं वेगळं असतं. आमच्याकडे कारागीर संध्याकाळी सुई टोचून ठेवतात आणि हात झटकतात, तसा तो बसला होता.

त्याने खिशातून फोन काढला. "मुकुट तुमचा तुम्हाला राहू दे, डॉक्टर. पण चौदा मिनिटं वेगळी पुसता येत नाहीत. पुसलं तर सगळंच जातं."

"मग घाई करू नका," मास्तर म्हणाले. "तीनशे किलोमीटर आहेत!"

थोरल्याने बटण दाबलं. फोनने त्याला एकदा विचारलं, नक्की का म्हणून. त्याने पुन्हा दाबलं. टीव्हीवरची टेकाडं गेली, सुळका गेला आणि ब्रश हातात घेतलेली हसरी बाई आली. डॉक्टरांनी लगेच आपला फोन उघडून बघितला. त्यांचा चेहरा खुलला. कुणीतरी सवयीने टाळ्यासुद्धा वाजवल्या.

चिटणीसबाईंनी वहीत लिहिता-लिहिता विचारलं, "अपूर्ण लिहू की गैरहजर?"

"काहीही लिहा," थोरला म्हणाला आणि त्यांना हसला.

बाहेर गाडीत आम्ही तिघं पुढच्याच बाकड्यावर बसलो, तो मध्ये. भाऊजींनी किल्ली लावली, पण फिरवली नाही. मी म्हणाले, "भाऊजी, तुमचं नाव मी वापरलं ते चुकलं माझं." भाऊजी म्हणाले, "कुठलं नाव? मला काही ऐकू आलं नव्हतं," आणि गाडी सुरू केली.

गाडी चौकात आली. मग थोरला समोर बघतच म्हणाला, "चौथ्या वळणावर मी सायकल खाली फिरवली होती. ते तू आत नाही सांगितलंस."

"कुणी विचारलं नाही."

"दिसलं होतं ना पण?"

"दिसलं."

"तुझ्या हातात फोन होता. मग ओरडली का नाहीस? तू, आणि गप्प?"

"ओरडले असते तर तू उतरून गेला असतास."

त्याने विचार केला. खरा विचार केला, आईचं मन राखायला करतात तसला नाही.

"हो," तो म्हणाला. "गेलो असतो."